तिथलच्या किनाऱ्यावरचे बारा फोटो

गेल्या दिवाळीत माझी नात गोव्याला जाऊन आली. चार दिवसांत फोनवर सहाशे फोटो. ते सगळे मला दाखवता दाखवता तिचं बोट दुखायला लागलं, तेव्हा तिने विचारलं, "आजोबा, तुमचे लहानपणचे समुद्रावरचे फोटो किती आहेत?" मी म्हटलं, "बारा. त्यातले दोन फुकट गेले, म्हणजे शिल्लक दहा." बँकेत आयुष्य गेल्यामुळे हिशेब तोंडावर असतो. पण त्या दहांचा हिशेबसुद्धा मी चुकीचा मांडत होतो, हे मला वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी कळलं. त्याचीच ही हकीकत. नवीन फोटो काढायला शिकणाऱ्यांना चार उपयोगाच्या गोष्टीही यात सापडतील.

आधी थोडं मागे जातो. आपल्या बडोद्याचं आणि फोटोग्राफीचं नातं जुनं आहे. सयाजीराव महाराजांच्या काळात १८९० मध्ये कलाभवन सुरू झालं. पुढे ज्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला ते दादासाहेब फाळके त्याच सुमारास बडोद्याला आले आणि कलाभवनात फोटोग्राफी शिकले. नंतर त्यांनी गोध्र्याला स्टुडिओ काढला, तिथे प्लेगमध्ये त्यांची पत्नी आणि मूल गेलं. मग ते बडोद्याला परतले आणि फोटोचा धंदा करायला लागले. पण तो नीट चालेना, कारण गावात समज पसरला होता की कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो आणि फोटो काढून घेणारा माणूस लवकर मरतो. मी हे प्रथम वाचलं तेव्हा हसलो नाही. आमची आजी १९६० सालीही हेच म्हणायची. "फोटो काढला की आयुष्य कमी होतं" असं म्हणून ती कॅमेऱ्यासमोर पदर ओढून घ्यायची.

बायकांच्या बाबतीत तर आणखी अडचणी. परपुरुषाने समोर उभं राहून निरखायचं, हे बऱ्याच घरांत चालत नसे. म्हणून हैदराबादेत लाला दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये फक्त स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ काढला होता आणि तिथे फोटो काढायला एक इंग्रज बाई नेमली होती. तेवढी सोय सगळ्यांच्या नशिबी कुठली? आमच्या घरातल्या जुन्या फोटोंत पुरुष खुर्चीवर, मुलगे मांडीवर, आणि बायका बहुतेक नाहीतच. ज्या आहेत त्या सवाष्ण आहेत. विधवा एकही नाही.

समुद्रावर हवा खायला जाणं हीसुद्धा आपल्याकडे तशी अलीकडची गोष्ट. पूर्वी समुद्र म्हणजे पर्वणीचं स्नान नाहीतर अस्थिविसर्जन. बी.बी.सी.आय. रेल्वे १८६१ मध्ये बडोद्यापर्यंत आली, १८६४ मध्ये मुंबईपर्यंत जोडली गेली, आणि मग हळूहळू मध्यमवर्गाला कळलं की सकाळी निघून दुपारी समुद्र बघता येतो. बडोदेकरांचे किनारे दोन, सुरतजवळचं डुमस आणि वलसाडजवळचं तिथल. दोन्हीकडची रेती काळी. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

घराघरांत कॅमेरा यायला मात्र फार वेळ लागला. अमेरिकेत १८८८ मध्ये कोडॅकचा शंभर फोटोंचा पेटीसारखा कॅमेरा आला, १९०० मध्ये एक डॉलरचा ब्राउनी आला, तिकडे पोरंसोरं फोटो काढायला लागली. आपल्याकडे ती वेळ आली अॅग्फाच्या क्लिक थ्रीने. आणि अभिमानाने सांगतो, तो क्लिक थ्री आपल्या बडोद्यातच, न्यू इंडिया इंडस्ट्रीजच्या कारखान्यात तयार व्हायचा. आमचे वडील, म्हणजे नाना, शाळेत मास्तर होते. त्यांच्या पगाराला तो जडच होता. पण "आपल्या गावात होतो आणि आपल्या घरात नाही?" असं म्हणून त्यांनी तो १९६६ च्या एप्रिलमध्ये आणला. आईने त्या महिन्यात दूधवाल्याला अर्धा शेर कमी घालायला सांगितलं, हेही मला आठवतं.

कॅमेरा अगदी साधा. काळी पेटी, वर एक बटण, अंतर लावायची भानगड नाही. लेन्सजवळ एक खटका, त्याला ऊन आणि ढग अशी दोन चित्रं. दहा-बारा फुटांच्या आत कोणी आलं तर चेहरा धूसर येणार. १२० ची फिल्म, चौकोनी बारा फोटो. मागे छोटीशी लाल खिडकी, तिच्यात आकडा दिसेपर्यंत चक्री फिरवायची. नानांनी एका वहीत बारा ओळी आखल्या आणि कुठला फोटो कुणाचा हे आधीच लिहून टाकलं. फोटो काढायच्या आधीच त्याचं अंदाजपत्रक!

मे महिन्यात आम्ही तिथलला गेलो. आजी, नाना, आई, काका-काकू, आम्ही पाच भावंडं आणि माईआत्या. माईआत्या नानांची थोरली बहीण. एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आली ती कायमची. दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात आम्हा पाचही जणांना तिनेच न्हाऊमाखू घातलं. माझी पहिली पाटी तिने गिरवून घेतली. तिथलला निघताना दशम्या, सुखडी, ढेबरं हे सगळं तिने आदल्या रात्री जागून केलं होतं. वलसाडला धर्मशाळेत उतरलो आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच टांग्याने किनाऱ्यावर.

नाना कॅमेऱ्याबरोबर आलेला कागद पाठ करून आले होते. त्यात पहिला नियम, सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी हवा. आपला सगळा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. म्हणजे सकाळी सूर्य जमिनीकडून येतो. नाना जमिनीकडे पाठ करून उभे राहिले, आम्हाला त्यांनी समुद्राकडे पाठ करून उभं केलं. मागे समुद्र, तोंडावर कोवळं ऊन. नियम अगदी बरोबर पाळला. मात्र सकाळचा सूर्य खाली असतो, त्यामुळे नानांची स्वतःची लांबलचक सावली रेतीवरून सरळ आमच्या पायांशी आली. ते भिंगातून आमचे चेहरे बघत होते, सावलीकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

माईआत्या बाजूला बसली होती. सगळ्यांच्या चपला आणि डब्यांची पिशवी तिच्यापाशी. काकू म्हणाली, "माई, या की." आत्या म्हणाली, "मी कशाला? चपला कोण बघणार?" आजी काहीच बोलली नाही. नानाही बोलले नाहीत. मी चौदा वर्षांचा होतो, मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आत्या फोटोत नसते, जशी ती हळदीकुंकवाला नसते, एवढंच मला ठाऊक होतं.

बारा फोटोंपैकी एकात काकांचं बोट आलं, एक हलला. दहा चांगले आले. त्या वेळी दुकानातून निगेटिव्हच्याच मापाच्या सव्वादोन इंची चौकोनी प्रती मिळायच्या. त्यातला सहकुटुंब फोटो नानांनी मोठा करून घेतला आणि फ्रेम करून दिवाणखान्यात लावला. तो फोटो आमच्याकडे अजून आहे. नऊ माणसं, मागे समुद्र. आजीचा पदर वाऱ्याने फुगलेला. तो फोटो बघत मी मोठा झालो, बी.कॉम. झालो, बँकेत लागलो, बदल्यांवर फिरलो.

१९८७ मध्ये, म्हणजे गोवा राज्य झालं त्याच वर्षी, माझी बदली पणजीला झाली. नाना तोवर गेले होते. डिसेंबरात माईआत्या महिनाभर आमच्याकडे राहायला आली. बहात्तरीची होती, पण रोज संध्याकाळी मिरामारला चालत जायची तिला हौस. जुनी माणसं त्या भागाला अजून गास्पार दियश म्हणत. मी तेव्हा यशिका घेतला होता, ३५ मिलिमीटरचा, रंगीत फिल्म, छत्तीस फोटो, फ्लॅश कॅमेऱ्यातच. एका संध्याकाळी सूर्य बुडायला आला होता, मी बायको-मुलांचे फोटो काढत होतो. आत्या आपली रेतीत बसलेली, चपलांपाशी. सवयच ती. मी फिल्म पुढे सरकवत होतो, तेवढ्यात ती उठली, लुगडं झटकलं आणि म्हणाली, "माझा एक काढ. आता काय अपशकुन व्हायचाय?"

मला इतका आनंद झाला की मी कसलाच विचार केला नाही. मागे लालभडक सूर्य, सोन्यासारखं पाणी, म्हटलं याच्यापुढेच उभी करतो. तीन फोटो काढले. फ्लॅश उघडायचं लक्षातच आलं नाही, कारण समोर एवढा उजेड दिसत होता! फिल्म संपायला आणि धुऊन यायला फेब्रुवारी उजाडला. तीनही फोटोंत आकाश सुरेख आलं होतं आणि आत्या म्हणजे एक काळी आकृती. नाक नाही, डोळे नाहीत. बडोद्याला गेलो तेव्हा तिला दाखवला. तिने चष्मा लावून बघितला आणि म्हणाली, "ही कोण रे?" मग हसली. म्हणाली, "बरं झालं. ओळखू येत नाही ते."

मी म्हटलं, मेमध्ये येतो तेव्हा अंगणात बसवून चांगला काढतो. मार्चअखेरचं क्लोजिंग, मग ऑडिट, मग मुलांच्या परीक्षा. मे महिन्यात जाणं झालं नाही. पुढच्या वर्षी आत्या गेली. तेराव्याला फोटो ठेवायचा म्हणून शोधाशोध केली तेव्हा घरात तिचा एकही फोटो नव्हता. शेवटी पाटावर नुसतं फूल ठेवलं.

माझ्या हातून झालेली ही चूक समुद्रावर फोटो काढणारा प्रत्येक नवशिका करतो. म्हणून इथे थांबून जे मला फार उशिरा कळलं ते सांगतो.

१) आपल्या किनाऱ्यांवर सकाळी समुद्र मागे घेऊन फोटो काढा. तेव्हा ऊन चेहऱ्यावर येतं. मात्र आपली सावली कुठे पडते ते बघून दोन पावलं बाजूला सरका. माणसं डोळे बारीक करत असतील तर सगळ्यांना आधी डोळे मिटायला सांगा, "उघडा" म्हटलं की लगेच बटण दाबा.

२) संध्याकाळी सूर्य समुद्राकडे जातो. तेव्हा समुद्र मागे घेतलात तर चेहरे काळे पडणारच. मग एकतर आपण पाण्याकडे जाऊन जमिनीच्या दिशेने फोटो काढायचा, मागे सुरूची झाडं आली तर येऊ देत. नाहीतर दिवसाउजेडीही फ्लॅश लावायचा. फोनवर चेहऱ्यावर बोट टेकवलं की फोन चेहऱ्याचा उजेड धरतो. आकाश थोडं पांढरं पडेल, पडू द्या. आकाश उद्याही येणार आहे.

३) सूर्य बुडाल्यावर लगेच कॅमेरा आवरू नका. पुढची दहा-पंधरा मिनिटं उजेड अगदी मऊ असतो, सावल्या नसतात, म्हाताऱ्या माणसांचे चेहरे त्या उजेडात फार चांगले येतात.

४) भर दुपारी शक्यतो काढू नका. डोळ्यांच्या खोबणीत काळोख येतो. गोव्याची रेती फिकट, ती खालून थोडा उजेड परत चेहऱ्यावर फेकते. तिथल-डुमसची काळी रेती उजेड गिळून टाकते. तिथे दुपारी काढायचाच तर एखादं पांढरं धोतर किंवा चादर माणसांच्या पुढ्यात पसरा, फ्रेमच्या खाली. फरक लगेच दिसेल.

५) क्षितिजाची रेघ माणसांच्या गळ्यातून जाऊ देऊ नका आणि तिरकीही येऊ देऊ नका. थोडं खाली बसलात की रेघ गळ्यावरून खाली सरकते. मुलांचा फोटो तर त्यांच्या उंचीला बसूनच काढावा.

६) लेन्सवर खाऱ्या वाऱ्याचा थर बसतो, मग सगळे फोटो धुरकट येतात. मऊ सुती कापड खिशात ठेवा. पण आधी फुंकर मारून रेती उडवा, नाहीतर पुसताना लेन्सवर चरे पडतील.

हे झालं तंत्राचं. आता मूळ गोष्टीकडे येतो.

नातीने विचारलं म्हणून मी तिला ते तिथलचे फोटो दाखवायला काढले. माळ्यावरच्या ट्रंकेत नानांचं पाकीट होतं, आत निगेटिव्ह. ती म्हणाली, "आजोबा, यावरून परत फोटो करता येतात." तिने टॅबलेटवर पांढरा पडदा उघडला, त्यावर काच ठेवली, काचेवर निगेटिव्ह, आणि वरून फोनने फोटो घेतला. मग फोनमध्येच काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं केलं. मधे काच अशासाठी की टॅबलेटच्या पडद्यावरचे बारीक ठिपके फोटोत येऊ नयेत. दहा मिनिटांत सगळे फोटो डोळ्यांसमोर.

सहकुटुंब फोटो आला आणि मी चष्मा पुसला. हा भिंतीवरचाच फोटो, पण भिंतीवरचा आडवा होता आणि हा चौकोनी. भिंतीवर असलेलं सगळं यात होतंच. शिवाय खाली रेतीवर नानांची सावली, डोक्यावरच्या टोपीसकट. आणि डावीकडच्या काठावर माईआत्या. अर्धीच. मांडीवर चपलांची जोडी, मान वळवून ती आमच्याकडे बघते आहे. नानांना भिंगातून ती दिसली नसणार. त्या साध्या कॅमेऱ्याच्या भिंगातून जेवढं दिसतं त्याहून थोडं जास्तच फिल्मवर यायचं. म्हणून ती आली.

मग मी पाकीट नीट बघितलं. त्यावर नानांच्या मोत्यासारख्या अक्षरात दुकानदाराला सूचना लिहिली होती. "नंबर ५ मोठा करणे. खालची सावली व डावीकडचे कापणे."

दोन दिवस मला ते वाक्य सोडेना. नाना कठोर माणूस नव्हते. स्वतःच्या सदऱ्याआधी ते बहिणीचं लुगडं आणायचे. आजीला वाईट वाटेल म्हणून लिहिलं असेल? की चौकोनी फोटो आडव्या फ्रेममध्ये बसवायला कापावाच लागतो, आणि अर्धं माणूस काठावर बरं दिसत नाही, एवढाच साधा विचार असेल? स्वतःची सावलीही त्यांनी त्याच ओळीत कापायला सांगितली आहे. त्यांना विचारायची सोय आता नाही. आणि निवाडा मी कुठल्या तोंडाने करू? नानांनी तिला कापलं तर मी तिला काळोखात उभी केली. तेही ती पहिल्यांदा आपणहून उठली तेव्हा.

एवढं मात्र कळलं की गेली पन्नासहून जास्त वर्षं मी "नऊ माणसांचा फोटो" म्हणून जो सांगत होतो तो अकरा माणसांचा होता. एक काढणारा, एक चपला सांभाळणारी. प्रत्येक घरच्या फोटोत असे दोघं-तिघं असतात. पूर्वी वडील नसायचे, आता बहुतेक आई नसते, कारण फोन तिच्या हातात असतो. आणि जो कोणी सामान सांभाळत बसलेला असतो तो तर कधीच नसतो. म्हणून माझी सातवी सूचना अशी की बटण दाबायच्या आधी एकदा मागे आणि बाजूला बघा. कोण राहिलं? फोन कुणा परक्याच्या हातात द्या, नाहीतर पिशवीवर टेकवून दहा सेकंदांचा टायमर लावा. चपला कुठे जात नाहीत.

आठवी सूचना जुन्या फोटोंची. फ्रेममधले फोटो पूर्ण समजू नका, निगेटिव्ह असतील तर जरूर बघा. पाकिटं फेकू नका, त्यांवरही काही लिहिलेलं असतं. बडोद्याच्या पावसाळ्यात निगेटिव्हला बुरशी धरते, तेव्हा ती प्लॅस्टिकच्या पिशवीत न ठेवता कागदात ठेवून कोरड्या कपाटात ठेवा. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो हळूच सोडवून घ्या. आणि प्रत्येक फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने नावं लिहा, डावीकडून उजवीकडे. बॉलपेन नको, पुढून वळ उठतात. नातं लिहून भागत नाही, पूर्ण नाव लिहा. आमच्या घरात माईआत्याचं खरं नाव माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. माझ्या मुलालासुद्धा नाही.

तो चौकोनी फोटो आम्ही आता पूर्ण छापून घेतला आहे. सावलीसकट, चपलांसकट. नातीने आत्याच्या चेहऱ्यावरचा अंधार थोडा कमी केला. अर्धाच चेहरा आहे, पण डोळा स्पष्ट दिसतो. जुनी फ्रेम उतरवली नाही, तिच्याशेजारीच हा लावला. मागे पेन्सिलीने अकरा नावं लिहिली आहेत. डावीकडून पहिलं नाव आत्याचं.

तिथल-डुमसचे, गोव्याचे, कारवार-मालवणचे असे फोटो तुमच्या ट्रंकांमध्येही असतील. काढून बघा. काठावर कोण आहे ते बघा, आणि त्यांचं नाव सांगू शकणारं माणूस घरात आहे तोवर विचारून घ्या.